समुपदेशकालाही पत्ता लागू न देता समुपदेशन कसे घ्यावे

अभिनंदन! महिनोन्‌महिने रात्री तीनला जागे होऊन पंख्याकडे बघत पडल्यावर, फोन वाजला की छातीत धस्स होतं हे कुणालाही न सांगता गिळल्यावर, आणि ‘तुला काय कमी आहे?’ हे घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याकडून ऐकून झाल्यावर तुम्ही अखेर ठरवलंत, की काउन्सेलरकडे जायचं.

निर्णय धाडसाचा आहे. जळगाव-धुळ्यात तर फारच. आपल्याकडे माणूस मूळव्याधीचं ऑपरेशन करून आला की चौकात बसून टाक्यांसकट वर्णन करतो. मुतखडा पडला तर तो डबीत घालून पाहुण्यांना दाखवतो. पण मन ठिकाणावर नाही म्हटलं की आवाज खाली येतो आणि दाराची कडी वर जाते. ही मार्गदर्शिका त्या कडीच्या आतल्या लोकांसाठी आहे. ध्येय स्वच्छ आहे: समुपदेशन तर घ्यायचं, पण घरच्यांना, गल्लीला, ऑफिसला आणि शक्यतो खुद्द समुपदेशकालाही आपल्याला काय होतंय ते कळू द्यायचं नाही. अवघड वाटेल. पण घाबरू नका, अनेकांनी हे साधलं आहे.

पायरी १ : आधी बाकी सगळीकडे जाऊन या

थेट काउन्सेलरकडे जाणं म्हणजे उतावळेपणा. आधी फाइल जाड करा. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढा. नॉर्मल. टू-डी इको करा. नॉर्मल. मग ‘गॅस वर चढतो’ म्हणून पोटाच्या डॉक्टरकडे जा, नळी घालून बघा. नॉर्मल. डोकं जड वाटतं म्हणून नाशिकला जाऊन एमआरआय काढा. तो इथेही निघतो, पण नाशिकच्या एमआरआयला वजन आहे. तोही नॉर्मल. प्रत्येक ‘नॉर्मल’नंतर तुमचा चेहरा पडला पाहिजे. (थायरॉइड आणि बी-१२ मात्र खरोखर तपासून घ्या, त्यांच्या बिघाडानेही माणूस खचल्यासारखा होतो. पण तेवढ्यावर थांबलात तर तुम्ही कच्चे.) या सगळ्याचा खर्च कुठेही लिहून ठेवू नका. पुढे काउन्सेलरची फी ऐकून ‘लूट आहे’ म्हणायचं आहे. तेव्हा हिशेब समोर असला तर अडचण होते.

मग मोफत सल्लागार. जिभाऊ म्हणतील, लग्न करून टाक. लग्न झालेलं असेल तर, मूल होऊ दे. मूल झालेलं असेल तर, प्लॉट घेऊन टाक. प्लॉटही घेतलेला असेल तर झोप का येत नाही हे निदान कळलं म्हणायचं. किराणा दुकानदार अश्वगंधा सुचवेल, मेव्हणा सुचवेल ती बाटली अश्वगंधेची नसेल. कुणीतरी गाडी काढून बुलढाण्याकडे, सैलानीला नेईल. होळीच्या यात्रेत तिथे नारळांची होळी पेटते आणि लांबलांबून माणसं आपापल्या माणसांना बाधा उतरवायला घेऊन येतात. तिथे जायची एक सोय आहे: ‘बाहेरचं लागलंय’ म्हणायला घरच्यांना लाज वाटत नाही, कारण बाहेरचं म्हणजे घरातलं नव्हे. बाधेच्या नावाखाली कुणी मारलं किंवा साखळीने बांधलं तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. नेणाऱ्या काकांना हे परतीच्या वाटेवर सांगा. जाताना सांगितलंत तर तेही लक्षणांतच धरलं जाईल.

ही पायरी किती लांबवावी? निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत, असं त्यात दिसलं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. पण रावेरच्या पलीकडचा मध्य प्रदेश होता आणि नवापूरच्या पलीकडचा गुजरातही होता. मधल्या मधे आपणच काही वेगळे निघालो असू, असं मानायला जागा नाही. तेव्हा या पहिल्या पायरीवर कायमचे बसलेल्यांचं बहुमत आहे. एकटं वाटून घेऊ नका.

पायरी २ : पाटी बघा, पदवी बघू नका

शहरात पाट्या बऱ्याच आहेत. थोडक्यात फरक सांगतो, लगेच विसरा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. गोळ्या लिहून देतो तो हाच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, चाचण्या घेतो, थेरपी करतो, आणि त्याच्याकडे भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. समुपदेशक साधारणपणे मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेला असतो. इथे ‘साधारणपणे’ला महत्त्व आहे, कारण ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावायला आपल्याकडे वर्षानुवर्षं कुणाचीच आडकाठी नव्हती. २०२१ चा एक केंद्रीय कायदा आता त्यांनाही नोंदवहीत आणू पाहतो आहे. तोवर दोन दिवसांची कार्यशाळा करून ‘माइंड पॉवर कोच’ झालेला गृहस्थही त्याच कॉम्प्लेक्समध्ये, त्याच मजल्यावर, त्याहून मोठ्या फ्लेक्ससह बसलेला असतो.

तुम्ही पदवी विचारायची नाही. वाईट दिसतं. रावेर-यावलचा शेतकरी केळीचं टिश्यू कल्चरचं रोप घेताना लॅब कुठली, बॅच कुठली, शेजाऱ्याच्या वावरात त्याचा घड कसा पडला, हे सगळं विचारल्याशिवाय पैसे काढत नाही. पण ते रोपाचं झालं. मनाच्या बाबतीत एवढी चौकशी शोभत नाही. फ्लेक्सवर सूर्योदय आणि हात पसरून उभा असलेला माणूस आहे ना? पुरे.

खऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची पाटी मात्र नीट वाचा, कारण ती तुमच्या सोयीसाठीच लिहिलेली असते: ‘डोकेदुखी, फिट्स, निद्रानाश, व्यसनमुक्ती, चिंता, नैराश्य, लैंगिक समस्या’. यातला पहिला शब्द तुमचा. जिन्यात कुणी भेटलं तर तुम्ही डोकेदुखीसाठी आला आहात. पाटी लिहिणाऱ्याला आपला समाज कळतो. त्याने डोकेदुखी पहिली लिहिली ती उगाच नाही.

डॉक्टरच मिळत नाही, अशी तक्रार करू नका. देशात लाख लोकांमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे, असं संसदीय समितीच्या २०२३ च्या अहवालात नमूद आहे. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४२ लाखांवर होती. या दराने जिल्ह्याच्या वाट्याला एकतीस-बत्तीस येतात. न शिकलेले सल्लागार मात्र घरटी एक धरला तरी लाखांत भरतील. सरकारी मेडिकल कॉलेज जळगावलाही आहे, धुळ्यालाही आहे, तिथल्या ओपीडीत मानसोपचार विभाग अगदी थोड्या पैशांत बघतो. पण केसपेपरच्या रांगेत तुमच्या मागे तुमचाच घरमालक उभा असण्याची शक्यता असल्यामुळे या मार्गदर्शिकेचा हेतू तिथे साधत नाही.

पायरी ३ : गाव बदला, ऋतू साधा

जळगावकरांनी धुळ्याचा काउन्सेलर निवडावा आणि धुळेकरांनी जळगावचा. अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, वाटेत एरंडोल आणि पारोळा. धोका एकच आहे. हीच युक्ती तुमच्या शेजाऱ्यालाही सुचलेली असते. बस पारोळ्याच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबते, समोरून येणारीही थांबते, आणि रसवंतीवर धुळ्याचा साडू नि जळगावचा साडू समोरासमोर येतात.

‘कुठी चालला भो?’

‘हे इथेच… कोर्टाचं काम. तुम्ही?’

‘माझंही कोर्टाचंच.’

दोघांचीही वकिलाशी ओळख नसते. दोघेही पुढचं काही विचारत नाहीत. खान्देशातली ही सर्वांत निरोगी पाच मिनिटं.

कारण आधीच तयार ठेवा. पुरुषांसाठी: कोर्ट, आरटीओ, सातबारा, कुणाच्या तरी साखरपुड्याची बोलणी. मुलगा किंवा मुलगी बारावीला असेल तर ‘अ‍ॅडमिशनच्या काउन्सेलिंगला चाललोय’ म्हणा. यात एक अक्षरही खोटं बोलावं लागत नाही. अभ्यासिकेत बसून एमपीएससी करणाऱ्या मुलांनी ‘टेस्ट सिरीज’ म्हणावं. बायकांना ब्युटी पार्लर, भिशी आणि माहेर ही तीन पारंपरिक साधनं उपलब्ध आहेत. पण पार्लरहून रडून सुजलेल्या डोळ्यांनी परत आल्यास आयब्रोचं निमित्त एकदाच चालतं.

आणि थेरपी चैत्र-वैशाखात सुरू करा. पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांना हे सुचणार नाही. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की अख्खं गाव तोंडाला उपरणं, स्कार्फ आणि वर गॉगल लावून फिरतं. मानसोपचारतज्ज्ञाच्या जिन्यात तोंड झाकलेला माणूस डिसेंबरात संशयास्पद दिसतो. मे महिन्यात तो शहाणा दिसतो.

ऑनलाइन सेशनचा मार्गही आहे. मात्र तीन खोल्यांत सहा माणसं राहतात अशा घरात एकांताची जागा एकच, गच्ची. दुपारी तीनची अपॉइंटमेंट घेऊन गच्चीवर गेलात, तर समुपदेशक ‘तुम्हाला घाम का येतोय, अस्वस्थ वाटतंय का?’ असं विचारेल आणि निदान चुकेल. गाडी सावलीत लावून, काचा वर करून बसा. फोनवर हातवारे करत बोलणारा माणूस प्लॉटचा दलाल वाटतो, आणि दलालाला कुणी हटकत नाही.

शिवाय सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा नंबर फिरवा. मराठीत बोलता येतं, चोवीस तास, फुकट, आणि पलीकडचा माणूस तुमच्या आत्याच्या दिराचा मित्र निघत नाही. एवढे गुण एकत्र असल्यामुळे आपल्याला त्या सेवेचा संशय येणं साहजिक आहे.

पायरी ४ : वेटिंग रूममध्ये

इथे सर्व नातेवाईक असतात. पेशंट कुणीही नसतो. ‘मी ह्यांच्यासोबत आलोय’ असं चेहऱ्यावर आणून बसा, भले शेजारची खुर्ची रिकामी असो. हातात बॅग आणि गळ्यात टाय असेल तर एमआर म्हणूनही खपता येतं, पण मग खरे एमआर विचारतील, ‘कंपनी कोणती?’

कंपाउंडर दारातून नाव पुकारेल आणि वर ‘ते झोपेचा प्रॉब्लेमवाले ना?’ असंही मोठ्याने विचारून खात्री करून घेईल. दचकू नका. मागे वळून, तो प्रॉब्लेमवाला कोण बरं, असं इतरांबरोबर तुम्हीही बघा. मग सावकाश उठा.

भिंतीवर बहिणाबाईंची मनावरची कविता फ्रेममध्ये लावलेली असेल. तिच्यासमोर उभं राहून वेळ काढता येतो. आसोद्याच्या त्या बाईला अक्षरओळख नव्हती, तरी मन कसं कह्यात राहत नाही हे तिने चारचौघांत खणखणीत सांगून ठेवलं. तुम्ही बी.कॉम. आहात. तुम्ही आत जाऊन ‘सहज आलो होतो’ म्हणणार आहात.

पायरी ५ : फॉर्म

पहिल्या भेटीत एक कागद देतील. त्यात तुमची माहिती गुप्त ठेवण्याची हमी असते, आणि ती कधी मोडावी लागते तेही असतं: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर, किंवा न्यायालयाने मागितली तर. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने ही गुप्तता हा तुमचा हक्क केला आहे. म्हणजे तुमच्या ओळखीच्या सगळ्या माणसांत कायद्याने तोंड बंद ठेवायला बांधलेला माणूस हा एकटा. तेव्हा सर्वांत जास्त लपवायचं ते याच्यापासून. आत्तेभावाला सगळं सांगायला हरकत नाही; तो फक्त तीन ग्रुपवर टाकतो.

कागद न वाचता सही करा, विम्याच्या फॉर्मवर करता तशीच. ‘येण्याचं कारण’ या रकान्यात ‘जनरल’ लिहा.

एक गोष्ट मात्र थट्टेबाहेरची. जगणं नको वाटत असेल, जीव द्यावा असे विचार येत असतील, तर ही मार्गदर्शिका बाजूला ठेवून १४४१६ ला फोन करा, किंवा घरातल्या एकाला उठवून दवाखान्यात चला. पोलीस केस होईल ही भीती धरू नका: असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच २०१७ चा हाच कायदा धरून चालतो आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायला सांगतो. आता पुन्हा आपल्या मूर्खपणाकडे वळू.

पायरी ६ : पहिली बैठक

पन्नास मिनिटं आहेत. त्यांची व्यवस्थित विभागणी करा.

पहिली दहा मिनिटं गाव आणि आडनाव. ‘मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या? चोपड्याच्या? म्हणजे पाटील वाड्यातल्या?’ खान्देशात चौथ्या प्रश्नाला नातं निघतंच. निघालं की आनंदाने टाळी द्या. नात्यातल्या माणसावर थेरपी करू नये हा त्यांच्या धंद्याचा नियम असतो, त्यामुळे त्या तुम्हाला दुसऱ्या कुणाकडे पाठवतील आणि तुम्ही घरी जाऊन सांगाल, ‘त्यांनीच सांगितलं, मला काही झालेलं नाही.’

नातं निघालंच नाही तर प्रश्न सुरू होतील. उत्तरं पाठ करा.

‘झोप कशी लागते?’ – ‘मस्त.’ (तीनला जाग येते हे त्यांनी विचारलेलं नाही. त्यांनी लागते कशी ते विचारलं.)

‘भूक?’ – ‘काल भरीत होतं, कळण्याची भाकरी. तीन खाल्ल्या.’

‘अलीकडे कशाचा आनंद वाटला?’ – इथे भाकरीचंच उत्तर पुन्हा द्या.

‘घरी कुणाशी बोलता?’ – ‘सगळ्यांशी. आमचं घर खूप मोकळं आहे.’ (कार स्टँडमागे लपवून आलात, हे मनात आणू नका.)

‘मग तुम्हाला इथे यावंसं का वाटलं?’ – यावर ‘माझ्या एका मित्राला त्रास आहे’ हे उत्तर शतकानुशतकं चालत आलं आहे. मित्राचं वय, नोकरी, पगार, कर्जाचा हप्ता आणि बायकोचा स्वभाव तंतोतंत तुमच्यासारखा ठेवलात तरी चालतो. मॅडम चेहरा हलू देत नाहीत. त्यासाठीच त्या शिकलेल्या असतात.

मग त्या गप्प बसतील. घाबरू नका, नेट गेलेलं नाही. थेरपिस्ट मुद्दाम गप्प बसतात, माणसाने स्वतःहून बोलावं म्हणून. आपल्याकडे गप्प बसणं हे फक्त रागावल्यावर करतात, त्यामुळे तुम्ही तातडीने काहीतरी बोलाल: केळीचा भाव, सोन्याचा भाव, महामार्गाचं काम. हे चालू द्या. मात्र सावध राहा. सोन्याच्या भावावरून बहिणीच्या लग्नावर, लग्नावरून कर्जावर, कर्जावरून वडिलांवर आणि वडिलांवरून तुमच्या घशात दाटलेल्या गोळ्यावर विषय आपोआप घसरतो. अनेक पक्के खेळाडू इथेच बाद झाले आहेत. डोळे भरले तर टेबलावरच्या टिश्यूच्या डब्याकडे बघूसुद्धा नका. ‘मॅडम, तुमच्याकडे धूळ फार आहे,’ म्हणा. धुळ्यात हे खपून जातं.

जोडीने गेलात तर प्रकार आणखी सोपा. बायको पेशंट असेल तर नवऱ्याने तिच्या आणि मॅडमच्या मधल्या खुर्चीत बसावं आणि सगळी उत्तरं आपण द्यावीत. ‘तिला काही नाही हो, रिकामं डोकं. बसल्या बसल्या विचार करते.’ ती पहाटे पाचला उठते, दोन डबे भरते, सासूला इन्सुलिनची सुई देते, शाळेत शिकवून येते आणि रात्री अकराला ओटा पुसते. बसते नेमकी केव्हा, हे मॅडम विचारतील. तेव्हा फोन आल्याचं निमित्त करून बाहेर जा. बहुतेक वेळा ती त्यानंतर बोलायला लागते. बाहेर जास्त वेळ राहिलात तर ती बरी व्हायची भीती आहे.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला मॅडम घड्याळाकडे बघतील. आता उठा. चप्पल घाला. दाराच्या मुठीवर हात ठेवा. आणि मगच, आयुष्यात पहिल्यांदा, खरं वाक्य बोला: ‘बरं मॅडम, एक राहिलंच. गेल्या दिवाळीपासून मला…’ ही दारातली गोष्ट जगभरच्या थेरपिस्टांना ठाऊक आहे. पेशंट मुख्य गोष्ट चप्पल घातल्यावरच सांगतो. आता वेळ संपलेली आहे, बाहेर पुढचा नातेवाईक उभा आहे, त्यामुळे त्यांना काही करता येत नाही. कारण तर सांगून झालं आणि कळू द्यायचं नाही हेही जवळजवळ साधलं.

पायरी ७ : फी

‘नुसतं बोलायचे एवढे?’ हे वाक्य स्वच्छ, मोठ्याने, काउंटरवर म्हणावं. सुई नाही, सलाईन नाही, साधी लाल बाटलीसुद्धा नाही. वर सल्लाही दिला नाही! तुम्ही सरळ विचारलं होतं, ‘भावाशी बोलू की नको ते सांगा,’ तर त्यांनी उलट तुम्हालाच विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ पैसे तुमचे, उत्तरही तुमचंच. सराफ बाजारात घडणावळ कमी करून घेता तशी इथे दहा-पंधरा मिनिटं कमी करून घ्या.

विम्यावर जाईल का, हेही विचारा. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं, असं २०१७ चा कायदा सांगतो. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात, खुर्चीत बसून बोलल्याचे नाही. तेव्हा एजंटला फोन करून ‘मग भरती होऊ का?’ असं विचारू नका. तो हो म्हणेल.

पायरी ८ : घरी कळलंच तर

कळणार. पावती खिशात सापडते. मग बैठक भरते आणि आप्पा म्हणतात, ‘अरे, कृष्णाने अर्जुनाला रणांगणावर एका बैठकीत उभं केलं. गीता वाच. काउन्सेलर कशाला?’

हा मुद्दा खोडायचा नाही. आप्पांना मान हलवून होकार द्या आणि धुळ्याची आठवण करून द्या. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते आणि तिथल्या कैद्यांना त्यांनी हीच गीता समजावून सांगितली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. साने गुरुजी शेजारी बसून लिहून घेत होते, म्हणून आज ती प्रवचनं पुस्तक होऊन आपल्या हातात आहेत. आता बघा: ठरलेला वार, ठरलेली वेळ, एका वेळी एकच विषय, नोंदी ठेवायला माणूस, चार महिने सलग, तेही धुळ्याच्या मे महिन्यात. ऐकणारे पळून जाऊ शकत नव्हते ही एक सोय होती, ती काउन्सेलरला नसते. ज्याला आप्पा एक बैठक म्हणतात ती सांगायला विनोबांसारख्या माणसाला अठरा लागल्या. चिंता किंवा नैराश्यासाठी सीबीटी नावाची जी थेरपी सर्रास वापरतात, तिला साधारण सहा ते वीस बैठका लागतात. हिशेब फारसा वेगळा नाही.

आप्पा यावर ‘ते मोठे लोक होते’ म्हणतील आणि चहा मागवतील. हा विजय समजा.

पायरी ९ : गृहपाठ आणि गोळ्या

मॅडम वही लिहायला सांगतील. काय घडलं, त्या वेळी मनात कोणता विचार आला, काय वाटलं, तो विचार कितपत खरा होता, असे रकाने आखून. घरात वही लपवायची जागा नसते. हिशेबाच्या वहीत लिहिलंत तर वडील वाचतील, अभ्यासाच्या वहीत लिहिलंत तर मुलगा. सुरक्षित मार्ग म्हणजे बैठकीच्या दिवशी बसमध्ये, एरंडोल ते पारोळा या टप्प्यात, आठवडाभराच्या भावना एका दमात भरून काढायच्या. अक्षर हललेलं दिसेल. मॅडम त्याचाही अर्थ लावतील.

मानसोपचारतज्ज्ञाने गोळ्या दिल्या असतील तर पाचव्या दिवशी बंद करा. कारण विचारलं तर दोन्ही सांगा: ‘काहीच फरक पडला नाही’ आणि ‘सवय लागेल म्हणून.’ नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या मनाने, एकदम बंद करू नयेत, हे डॉक्टरने सांगितलेलं असतं. पण तुम्ही तेव्हा महामार्गाच्या कामाबद्दल बोलत होता. थोडं बरं वाटून बंद करणारेही असतात. ते वरच्या वर्गातले. त्यांना तीन महिन्यांनी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायचा मान मिळतो, एमआरआयसकट.

पायरी १० : दुसऱ्या बैठकीला जाऊ नका

आणि गेलातच, कारण दारात अर्धवट राहिलेलं ते वाक्य आठवडाभर घशात अडकून राहतं, तर तिसरीला जाऊ नका. तिसरीलाही गेलात तर निदान कुणाला बरं वाटतंय असं सांगू नका. लोक विचारतील, ‘चेहरा उतरलेला होता, आता बरा दिसतोस. काय घेतोस?’ अश्वगंधा सांगा. किराणा दुकानदाराचा धंदा होईल.

यानंतर एक दिवस ऑफिसातला कुणीतरी, पाटील म्हणा, चहाच्या टपरीवर तुम्हाला बाजूला घेईल. इकडेतिकडे बघेल. घसा खाकरेल.

‘भाऊ, माझ्या एका मित्राला जरा त्रास आहे. झोपेचा वगैरे. धुळ्याला कुणी मॅडम आहेत म्हणे. तुम्हाला काही माहिती?’

‘मला नाही बुवा. पण माझा एक मित्र जातो. चांगल्या आहेत म्हणतो.’

‘तुमच्या मित्राला फरक पडला?’

‘झोपतो आता. पहाटेपर्यंत.’

‘नंबर मिळेल का? मित्रासाठी.’

‘देतो. फक्त तुमच्या मित्राला सांगा, शुक्रवारी चारची वेळ घेऊ नको. चारला माझा मित्र असतो.’